मोटारीमागून सायकल चालविताना राखावयाचे अंतर

एक मोटार रस्त्याने चालली आहे आणि तिच्या मागोमाग शाळेतील एक विद्यार्थी सायकलीवरून चालला आहे. मोटार एकाएकी थांबली, तर सायकल तिच्यावर आदळेल की नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक लोक सायकलस्वाराच्या चपळाईवर किंवा दैवावर सोपवितात. वास्तविक ते उत्तर मोटार थांबण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. दोन वाहनांमधील अंतर, सायकलीचा वेग, तिच्या ब्रेकांची शक्ती आणि मनुष्याच्या मज्जातंतूंना व स्नायूंना लागणारा वेळ, ह्या चार गोष्टी ठाऊक असल्या म्हणजे ते कागदावर गणित मांडून काढता येते. हे गणित माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यास सहज समजेल इतके सोपे आहे. प्रस्तुत पुस्तिकेत ते मांडले असून, उदाहरणादाखल चेन्नई शहरातील तिरुवल्लिकेणी ही जुनी वस्ती घेतली आहे.

तिरुवल्लिकेणीचे रस्ते

इंग्रजी अमदानीत 'ट्रिप्लिकेन' ह्या अपभ्रष्ट नावाने प्रसिद्धीस आलेली ही वस्ती मरीना किनाऱ्याला लागून आहे. तमिळ भाषेत 'तिरु' म्हणजे श्री अथवा पवित्र, 'अल्लि' म्हणजे कुमुद आणि 'केणी' म्हणजे तळे. येथील पार्थसारथीचे मंदिर पल्लवकालीन असून, त्यातील देव अर्जुनाचा रथ हाकणारा श्रीकृष्ण होय. मंदिरापासून जवळच, उत्तर-दक्षिण जाणाऱ्या कायदे मिल्लत सालैवर, म्हणजे पूर्वीच्या ट्रिप्लिकेन हाय रोडवर, १७९५ साली बांधलेली वालाजा मशीद आहे. तमिळमध्ये 'सालै' म्हणजे रस्ता. वालाजा रोड व भारती सालै हे दोन मोठे रस्ते येथून पूर्वेस समुद्राकडे जातात. मद्रास विद्यापीठ, प्रेसिडेन्सी कॉलेज आणि चेपॉकचे क्रिकेटचे मैदान ही सर्व स्थळे आसपासच आहेत. पुढे १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हे १९२२ ते १९२५ ह्या काळात येथल्याच हिंदू हायस्कूलचे विद्यार्थी होते.

अशा वस्तीत मंदिराला जाणारे, मशिदीत जाणारे, शाळेला व कचेरीला जाणारे, बाजारहाट करणारे आणि समुद्रावर फिरावयास निघालेले लोक एकाच वेळी रस्त्यावर असतात. बसगाड्या, मोटारी, ऑटोरिक्षा, मोटारसायकली, हातगाड्या आणि सायकली ह्यांची त्यांत भर पडते. उतारूने हात केला की ऑटोरिक्षा थांबते. रस्ता ओलांडणारे मूल दिसले की मोटार थांबते. वाहनांचा वेग मात्र फार नसतो. त्यामुळे, 'वेग थोडा आहे, तेव्हा पुढच्या गाडीला चिकटून गेले तरी चालेल,' असा एक समज सायकलस्वारांत रूढ झालेला आढळतो. पुण्यासारख्या, एके काळी सायकलींचे शहर म्हणून गाजलेल्या, गावीही हा समज नवा नाही.

हा प्रश्न मुलांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तामिळनाडूत सरकारी व अनुदानित शाळांतील अकरावीच्या विद्यार्थ्यांना विनामूल्य सायकली देण्याची योजना ह्या शतकाच्या पहिल्या दशकात सर्वत्र लागू झाली. सायकल हाती येते त्या वयात उत्साह पुष्कळ असतो, परंतु आपली सायकल किती अंतरात थांबते हे मोजून पाहण्याची सवय नसते.

थांबण्याच्या क्रियेचे दोन भाग

वाहन थांबविण्याची क्रिया आपल्याला एकसंध भासते. तिचे दोन भाग पाडून विचार केला पाहिजे.

पहिला भाग जाणिवेचा. पुढच्या मोटारीचा लाल दिवा लागला, तो डोळ्याने पाहिला, मेंदूने त्याचा अर्थ लावला, बोटांना आज्ञा पोहोचली, बोटांनी ब्रेकची मूठ आवळली आणि ब्रेकचे रबर चाकाच्या रिमला टेकले. ह्या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. मज्जातंतूंतून संदेश तत्काळ पोहोचतो अशी पूर्वी कल्पना होती. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स ह्याने १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून हा वेग प्रत्यक्ष मोजला, तेव्हा तो सेकंदाला सुमारे ३० मीटर, म्हणजे आगगाडीच्या वेगाच्या जवळपासच, निघाला. मनुष्याच्या मज्जातंतूंतील वेग ह्याहून अधिक असला, तरी तो अमर्याद नाही. आणि खरा विलंब तंतूंपेक्षा मेंदूतील निर्णयात होतो. संकट अनपेक्षित असेल तेव्हा ह्या सर्व क्रियेस सुमारे एक सेकंद लागतो असे धरणे योग्य. लक्ष विचलित झाले असेल तर दीड सेकंदही लागतो. ह्या काळात सायकल मुळीच मंदावत नाही; ती पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहते. ताशी २० किलोमीटर हा वेग म्हणजे सेकंदाला ५.६ मीटर. तेव्हा ब्रेक लागण्यापूर्वीच सायकल साडेपाच मीटरांहून अधिक रस्ता कापते.

दुसरा भाग घर्षणाचा. ब्रेकचे रबर रिमवर दाबले गेले म्हणजे चाकाची गती रोखली जाते आणि सायकलीची गतिज ऊर्जा उष्णतेत रूपांतर पावते. तामिळनाडूतील रथोत्सवात हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळते. पारंपरिक धाटणीच्या अवजड रथाला ब्रेक नसतो. चाकाखाली लाकडी पाचरी सरकवून माणसे त्याची गती आवरतात. ह्या दुसऱ्या भागात कापलेले अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला म्हणजे जाणिवेच्या भागातील अंतर दुप्पट होते, पण घर्षणाच्या भागातील अंतर चौपट होते.

सायकल मोटारीइतक्या लवकर का थांबत नाही?

मोटारीपेक्षा सायकल हलकी, म्हणून ती चटकन थांबेल असे पुष्कळांना वाटते. हा तर्क चुकीचा आहे. वस्तू जड असेल तर तिला थांबविण्यास बल अधिक लागते हे खरे, परंतु तिच्या वजनामुळे टायर व रस्ता ह्यांमधील घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे थांबण्याचे अंतर वजनावर फारसे अवलंबून राहत नाही. ते कशावर अवलंबून राहते, हे पाहू.

मोटार बुटकी आणि लांब असते. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून फार उंच नसतो आणि तिची पुढची चाके त्याच्या बरीच पुढे असतात. म्हणून चारही चाकांचे ब्रेक जोराने लावले तरी ती पुढे कोलमडत नाही. टायरांची पकड पुरती वापरता येते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या मोटारीचा वेग दर सेकंदाला सेकंदी सुमारे ७ मीटरांनी उतरविता येतो.

सायकलीची रचना ह्याच्या उलट आहे. स्वार उंच आसनावर बसतो. स्वार व सायकल मिळून होणारा गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटरहून किंचित वर असतो आणि पुढचे चाक जेथे जमिनीला टेकते त्या बिंदूच्या मागे तो जेमतेम साठ-पासष्ट सेंटिमीटर असतो. पुढचा ब्रेक फार जोराने लावला तर मागचे चाक उचलले जाते आणि स्वार हँडलावरून पुढे फेकला जातो. ही मर्यादा सेकंदी साडेपाच मीटरांच्या आसपास येते. म्हणजे उत्तम ब्रेक व कसलेला स्वार असूनही सायकल मोटारीची बरोबरी करू शकत नाही. केवळ मागचा ब्रेक लावला, तर शरीराचा भार पुढच्या चाकावर जातो, मागच्या चाकाची पकड सैल पडते आणि वेग सेकंदी सुमारे अडीच मीटरांनीच उतरतो. सामान्य स्वार दोन्ही ब्रेक बेताने लावतो, तेव्हा ही संख्या ३ धरणे सुरक्षितपणाचे होय.

एवंच, पुढे धावणारे वाहन मागच्याच्या मानाने निम्म्याहूनही कमी अंतरात थांबू शकते.

अंकांनी पाहू

वरील संख्या घेऊन केलेले गणित पुढे दिले आहे. जाणिवेचा काळ १ सेकंद व रस्ता कोरडा धरला आहे; सर्व अंतरे मीटरांत आहेत.

ताशी १५ किलोमीटर: ब्रेक लागण्यापूर्वी ४.२, ब्रेक लागल्यावर २.९, एकूण ७.१.
ताशी २० किलोमीटर: ब्रेक लागण्यापूर्वी ५.६, ब्रेक लागल्यावर ५.१, एकूण १०.७.
ताशी २५ किलोमीटर: ब्रेक लागण्यापूर्वी ६.९, ब्रेक लागल्यावर ८.०, एकूण सुमारे १५.
ताशी ३० किलोमीटर: ब्रेक लागण्यापूर्वी ८.३, ब्रेक लागल्यावर ११.६, एकूण सुमारे २०.

आता भारती सालैवरील एक साधा प्रसंग कल्पू. मोटार व सायकल दोन्ही ताशी २० किलोमीटर वेगाने चालल्या आहेत आणि त्यांत ३ मीटर अंतर आहे. गर्दीत हे अंतर भरपूर वाटते. त्यात एक सायकल आडवी सहज उभी राहील. मोटारीपुढे अचानक कोणी आले. मोटारचालकाने पूर्ण ब्रेक लावला. ताशी २० किलोमीटर वेगातून थांबण्यास मोटारीला २.२ मीटर पुरतात आणि पाऊण सेकंदाच्या सुमारास ती स्थिर होते. सायकलस्वाराला थांबण्यासाठी उपलब्ध असलेला रस्ता म्हणजे मूळचे ३ मीटर व मोटारीने कापलेले २.२ मीटर, मिळून ५.२ मीटर. परंतु वर पाहिल्याप्रमाणे, ब्रेकचे रबर रिमला टेकण्यापूर्वीच सायकल ५.६ मीटर जाते. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच, पूर्ण वेगाने, सायकल मोटारीच्या पाठीवर आदळते. ह्या प्रसंगी ब्रेक नवे होते की जुने, स्वार कुशल होता की नवशिका, ह्याने काडीचाही फरक पडत नाही. ब्रेक कामात येण्यास जे अंतर हवे होते तेच शिल्लक नव्हते.

ह्या आघाताची तीव्रता किती? ताशी २० किलोमीटर हा वेग म्हणजे सुमारे १.६ मीटर, जवळजवळ पुरुषभर, उंचीवरून खाली पडताना जमिनीशी येणारा वेग. ताशी ३० किलोमीटरचा वेग सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून पडण्याइतका होतो. घराच्या पहिल्या मजल्याच्या सज्जातून उडी टाकण्यास कोणी धजणार नाही; पण मोटारीला चिकटून सायकल हाकणारा नकळत तेवढेच साहस करीत असतो.

अंतर सेकंदांत मोजावे

दोन्ही वाहने सारख्याच वेगाने चालली असता किती अंतर पुरेसे होईल? मोटारीचे थांबण्याचे अंतर वजा करून हिशेब केला, तर ताशी १५ किलोमीटर वेगाला ५.८ मीटर, २० ला ८.५ मीटर आणि २५ ला ११.५ मीटर असे उत्तर येते. परंतु धावत्या सायकलीवरून साडेआठ मीटर म्हणजे किती हे नजरेने ठरविणे कोणालाही कठीण. शिवाय वेग बदलला की आकडा बदलतो.

ह्यावर एक सोपा उपाय आहे. प्रत्येक अंतराला त्या त्या वेगाने भागले, तर अनुक्रमे १.४, १.५ व १.७ सेकंद येतात. मीटरांतील आकडे एकमेकांच्या दुपटीपर्यंत गेले, सेकंदांतील आकडे मात्र जवळजवळ सारखे राहिले. म्हणून सुरक्षित अंतर काळाच्या मापाने मोजणे श्रेयस्कर. थोडी जादा सूट ठेवून कोरड्या रस्त्यावर दोन सेकंद हा नियम धरावा. ताशी २० किलोमीटर वेगाला दोन सेकंद म्हणजे ११.१ मीटर. पुढची गाडी भिंतीवर आदळावी तशी जागच्या जागी थांबली, तरीही ह्या अंतरात सायकल थांबू शकते. ताशी २५ किलोमीटरला मात्र अशा प्रसंगी एक मीटर कमी पडतो. तेव्हा वेग वाढेल तसा अर्धा-पाऊण सेकंद अधिक ठेवणे बरे. १९३१ साली प्रथम निघालेल्या ब्रिटनच्या 'हायवे कोड' ह्या नियमपुस्तिकेतही आज मोटारचालकांना दोन सेकंदांचाच नियम सांगितलेला आहे आणि ओल्या रस्त्यावर तो निदान दुप्पट करावा असे म्हटले आहे. भारतात मोटारचालकांसाठी १९८९ साली झालेल्या रस्त्याच्या नियमांत, पुढचे वाहन अचानक मंदावले किंवा थांबले तरी टक्कर होणार नाही इतके पुरेसे अंतर ठेवावे, असे सांगितले होते. २०१७ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. ते नियम मोटारींसाठी आहेत, पण त्यांमागील गतिशास्त्र सायकलीला अधिकच कडकपणे लागू पडते.

दोन सेकंद मोजण्याची रीत अशी. रस्त्याच्या कडेचा एखादा दिव्याचा खांब किंवा झाड निवडावे. पुढच्या वाहनाची मागची कड त्याच्याशी आली की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' असे सावकाश म्हणावे. एवढे शब्द म्हणण्यास सुमारे दोन सेकंद लागतात. घड्याळ पुढे ठेवून आपली चाल एकदा जुळवून घ्यावी. शब्द संपण्यापूर्वीच आपले पुढचे चाक त्या खुणेपाशी पोहोचले, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून पायडल मारणे थोडे थांबवावे.

पावसाळ्यातील नियम

महाराष्ट्रात पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. चेन्नईत त्याचा मुख्य काळ ऑक्टोबर ते डिसेंबर हा, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, होय. ह्या दिवसांत सायकलीचे गणित पार बदलते.

साध्या, जुन्या धाटणीच्या सायकलीत रबर थेट लोखंडी रिमवर दाबले जाते आणि तीच रिम पावसात भिजते. पाणी येथे वंगणाचे काम करते. १९७० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत झालेल्या प्रयोगांत, पोलादी रिम भिजल्यावर रबराची पकड कोरड्या पकडीच्या दहाव्या हिश्शाइतकी उतरते असे आढळले. चाकाचे बरेच फेरे होऊन पाणी पुसले गेल्यावरच ती परत येते. अठ्ठावीस इंची चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर असतो. वीस फेरे होईपर्यंत सायकल ४४ मीटर पुढे गेलेली असते. अॅल्युमिनियमच्या रिम व नव्या पद्धतीचे चकतीचे ब्रेक ह्या बाबतीत पुष्कळ चांगले असतात, पण शाळकरी मुलांच्या हाती बहुधा साधीच सायकल असते.

भिजलेल्या ब्रेकने वेग सेकंदी १ मीटरने उतरतो असे धरले, तर ताशी २० किलोमीटर वेगातून थांबण्यास एकंदर २१ मीटर लागतात, म्हणजे कोरड्या रस्त्याच्या जवळजवळ दुप्पट. मोटारीचे ब्रेक चाकाच्या आत असल्याने पावसाने तिचे इतके नुकसान होत नाही. दोघांतील तफावत पावसात अशी वाढत जाते आणि आवश्यक अंतर तीन ते पावणेचार सेकंदांपर्यंत जाते. म्हणून ओल्या रस्त्यावर चार सेकंद हा नियम ठेवावा. थांबण्याचे ठिकाण जवळ येत असेल, तर आधीपासूनच ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घ्यावी. वेगही कमी ठेवावा. गणिताच्या दृष्टीने सर्वांत फलदायी उपाय तोच आहे.

आडोशाचा मोह

इतके असूनही सायकलस्वार मोटारीच्या जवळ का जातो? घाई हे एक कारण. दुसरे कारण वाऱ्याचे आहे. चेन्नईत उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. तिरुवल्लिकेणीतून मरीनाकडे जाणाऱ्याला तो तोंडावर येतो. हवेचा विरोधही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; सायकल ताशी १५ किलोमीटर व समोरचा वारा तितकाच असेल, तर निर्वात दिवसाच्या चौपट विरोध सोसावा लागतो. अशा वेळी बसगाडीच्या मागे शिरले की वारा अडतो, पाय हलके होतात आणि त्या आडोशातून बाहेर पडू नये असे वाटते.

ह्या आडोशाचे सामर्थ्य केवढे असते, हे १८९९ सालच्या एका प्रसंगावरून कळते. चार्ल्स मर्फी ह्या अमेरिकन सायकलपटूने न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर रुळांमध्ये फळ्या बसवून घेऊन आगगाडीच्या मागोमाग एक मैल अंतर ५७.८ सेकंदांत, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने कापले. परंतु शर्यत संपून गाडीचा वेग उतरू लागताच त्याला आपला वेग तितक्या झपाट्याने उतरविता येईना. गाडीच्या मागील सज्जावरील माणसांनी त्याला सायकलीसकट वर ओढून घेतले, म्हणून तो वाचला. रस्त्यावरील बसगाडीच्या मागे अशी माणसे उभी नसतात.

आडोशाचा आणखी एक दोष असा की, वारा अडविणारी गाडी रस्ताही झाकते. मोटारीच्या दोन चाकांमधून खड्डा, दगड किंवा उघडे झाकण सुखरूप मागे निघून जाते. मोटारचालकास ब्रेक लावावाच लागत नाही. मागे ३ मीटरांवर असलेल्या सायकलस्वाराला तो खड्डा गाडीखालून अकस्मात प्रकट झालेला दिसतो आणि ताशी २० किलोमीटर वेगाला त्याच्या हाती अर्धा सेकंद उरतो. तेवढ्यात हँडल वळविणेही शक्य नसते. दोन सेकंदांचे अंतर असेल, तर एक सेकंद जाणिवेत गेल्यावरही दुसरा सेकंद उपायासाठी राहतो.

दिसणे आणि दिसविणे

मोटारीच्या काचेतून तिच्या पुढचेही वाहन दिसत असेल, तर संकटाची सूचना अगोदर मिळते. बसगाडी किंवा मालमोटार पुढे असेल तर ही सोय नाहीशी होते. तेव्हा अंतर वाढवावे. लाल दिव्यावर सर्वस्वी विसंबू नये. हातगाडीला तो नसतोच, आणि पुष्कळ वाहनांचा तो बिघडलेला असतो.

पुढच्या चालकाला आपण दिसतो की नाही, हे ओळखण्याचीही एक शास्त्रीय खूण आहे. प्रकाशकिरण ज्या मार्गाने जातो त्याच मार्गाने तो उलट येऊ शकतो. म्हणून चालकाच्या आरशात आपल्याला त्याचा चेहरा दिसत असेल, तर त्यालाही आपला चेहरा दिसू शकतो. आपल्याला दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. मोठ्या गाडीच्या अगदी पाठीशी आणि तिच्या डाव्या कुशीत असे अदृश्य क्षेत्र विस्तृत असते. तेथे रेंगाळू नये.

एक आक्षेप

येथे कोणी म्हणेल, 'हे सर्व पुस्तकात ठीक आहे. तिरुवल्लिकेणीच्या गर्दीत दोन सेकंदांची जागा सोडली, तर तेथे लगेच एखादी ऑटोरिक्षा घुसेल.' आक्षेप खरा आहे, ती घुसेल. परंतु त्याचा हिशेब करून पाहावा. एक वाहन मध्ये शिरले की पुन्हा अंतर पाडण्यास आपल्याला सुमारे दोन सेकंद मागे राहावे लागते. संबंध वाटेत दहा वाहने शिरली, तर घरी पोहोचण्यास वीस सेकंद उशीर होतो. अस्थिभंग झालेल्या मनगटाला बरे होण्यास कित्येक आठवडे लागतात.

गर्दी अगदीच दाट असेल तेव्हा वेग आपोआप उतरतो आणि त्याबरोबर आवश्यक जागाही आकसते. ताशी ८ किलोमीटर, म्हणजे भराभर चालण्याहून थोड्या अधिक, वेगाला दोन सेकंद म्हणजे साडेचार मीटरांहूनही कमी. एवढी जागा गर्दीतही मिळू शकते. ती मिळत नसेल, तर आपला वेग त्या जागेच्या मानाने जास्त आहे, असाच निष्कर्ष काढावा.

शाळांसाठी दोन प्रयोग

पहिला प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे. एका विद्यार्थ्याने फूटपट्टी वरच्या टोकाशी उभी धरावी. दुसऱ्याने अंगठा व तर्जनी खालच्या टोकाशी, पट्टीला न लावता, तयार ठेवावी. पहिल्याने न सांगता पट्टी सोडावी व दुसऱ्याने ती पकडावी. पट्टी १० सेंटिमीटर घसरली, तर प्रतिक्रियेस ०.१४ सेकंद लागला. १५ ला ०.१७, २० ला ०.२० आणि ३० ला ०.२५ सेकंद. नंतर हाच प्रयोग त्या विद्यार्थ्याला तोंडाने सातचा पाढा उलटा म्हणावयास लावून करावा. बहुधा पट्टी अधिक खाली जाईल. संकटाची वाट पाहत सज्ज बसलेल्या बोटांना एवढा वेळ लागतो, तर गप्पा मारीत चाललेल्या स्वाराला एक सेकंद का लागतो, हे विद्यार्थ्यांना मग निराळे सांगावे लागणार नाही.

दुसरा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या मैदानावर करावा. २० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन रेषा आखाव्यात. स्वाराने त्यांमधील अंतर ३.६ सेकंदांत कापले म्हणजे त्याचा वेग बरोबर ताशी २० किलोमीटर होतो. दुसऱ्या रेषेवर पुढचे चाक येताच दोन्ही ब्रेक एकसारखे दाबावेत आणि सायकल कोठे थांबते ते मोजावे. रेषा आधीपासून दिसत असल्याने हे केवळ घर्षणाच्या भागाचे अंतर होय. नंतर फक्त मागचा ब्रेक लावून पाहावे. शेवटी रिमवर पाणी ओतून, अधिक मोकळी जागा ठेवून, कमी वेगाने पाहावे. आलेल्या आकड्यांत वेग गुणिले एक सेकंद हे अंतर मिळवून प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या सायकलीचे स्वतंत्र कोष्टक तयार करावे. ज्याच्या सायकलीचे आकडे ह्या पुस्तिकेतील आकड्यांहून बरेच मोठे येतील, त्याने त्याच दिवशी ब्रेकचे रबर बदलून घ्यावे. रबर स्वस्त असते आणि ते बदलण्यास दुकानात थोडाच वेळ लागतो.

असे कोष्टक वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवल्यास ते विद्यार्थ्यांच्या रोज डोळ्यांपुढे राहील. शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर पडताना प्रत्येकाला आपल्या सायकलीचा आकडा ठाऊक असावा, आणि पुढे चाललेल्या मोटारीची मागची कड खांबापाशी येताच त्याने मनात मोजावयास आरंभ करावा.